केमोतली मळमळ आणि कॅनाबिनॉइड औषधं : डॉक्टरांकडे विषय काढावा का?

निशिगंध
थेट प्रश्नच विचारते. केमोच्या मळमळीसाठी कॅनाबिनॉइड गटातली औषधं, म्हणजे नॅबिलोन किंवा ड्रोनॅबिनॉल, इथे कोणी घेतली आहेत का? किंवा घरातल्या कोणाला दिली आहेत का?

माझ्या मोठ्या भावाला सिस्प्लॅटिन चालू आहे. उलट्या बऱ्यापैकी आटोक्यात आहेत, मळमळ मात्र जात नाही. केमोच्या दिवशी तो बरा असतो. तिसऱ्या दिवसापासून बोलणंही नको, हलणंही नको, भिंतीकडे तोंड करून पडून राहतो. डॉक्टरांनी विचारलं की 'ठीक आहे' एवढंच सांगतो. मला ते ठीक वाटत नाही.

ही औषधं गांजातल्या घटकांवर आधारलेली आहेत एवढं वाचलं. दादाला ते कळल्यावर 'नशेचं काही नको' म्हणाला. मला तीन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. खरंच उपयोग होतो का? त्रास काय होतो? आणि डॉक्टरांकडे विषय काढायचा तर कसा?

केमोवॉर्डची_ताई
निशिगंध, मी केमो डे-केअरमध्ये नर्स आहे. तुमच्या प्रश्नाकडे येते, पण आधी एक विचारते. दादाला मळमळीसाठी सध्या नेमकं काय काय मिळतंय? डिस्चार्जचा कागद काढून औषधांची नावं इथे लिहा.

कारण असं आहे. सिस्प्लॅटिन हे सगळ्यात जास्त उलट्या करवणाऱ्या केमो औषधांपैकी एक. मळमळ थांबवणारं काहीच दिलं नाही तर दहातल्या नऊहून जास्त रुग्णांना उलट्या होतात. म्हणून त्याच्यासोबत आता चार औषधं एकत्र देतात : ऑन्डान्सेट्रॉन किंवा पॅलोनोसेट्रॉनच्या गटातलं एक, अप्रेपिटंटच्या गटातलं एक, डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड, आणि ओलान्झापीन. चौघांची कामाची जागा वेगळी. एका दाराला कुलूप घातलं तरी चोर दुसऱ्या दाराने येतो, तसा हा प्रकार आहे.

तिसऱ्या दिवशी त्रास वाढतो हेही सिस्प्लॅटिनचंच लक्षण. पहिल्या २४ तासांत होते ती तात्काळ मळमळ, तिच्यात आतड्यातून बाहेर पडणाऱ्या सेरोटोनिनचा हात मोठा असतो आणि ऑन्डान्सेट्रॉन तिथे छान चालतं. त्यानंतर पाचव्या दिवसापर्यंत होते ती उशिराची मळमळ. तिच्यामागे मेंदूतलं सबस्टन्स पी नावाचं रसायन जास्त असतं. तिथे नुसतं ऑन्डान्सेट्रॉन पुरत नाही. सिस्प्लॅटिनमध्ये हा त्रास साधारण ४८ ते ७२ तासांच्या दरम्यान सगळ्यात जास्त असतो, म्हणजे नेमका तुमचा तिसरा दिवस.

आणि दादाला माझ्याकडून सांगा, सहन केल्याबद्दल आम्ही कोणालाच पदक देत नाही. उलटी दिसते म्हणून आम्ही मोजतो. मळमळ रुग्णाने सांगितल्याशिवाय आम्हाला कळतच नाही.

सांजवात
धागा वाचतेय. आमच्याकडे मावशीची अवस्था अगदी अशीच आहे.

आरस्पानी
मी नॅबिलोन घेतलंय. स्तनाच्या कर्करोगासाठी केमो झाली तेव्हा. मी परदेशात होते, तिथे ते रीतसर प्रिस्क्रिप्शनवर मिळतं.

सुरुवातीच्या सायकलला, म्हणजे केमोच्या फेरीला, नेहमीची औषधं होती आणि मळमळ इतकी की स्वतःची थुंकी गिळवत नव्हती. औषधं बदलून पाहिली, थोडा फरक पडला. मग डॉक्टरांनी नॅबिलोन जोडलं. बाकीची औषधं बंद केली नाहीत, त्यांच्याबरोबर दिलं. केमोच्या आदल्या रात्री पहिली कॅप्सूल, मग सकाळी, मग दिवसातून दोनदा.

मळमळ पूर्ण गेली का? नाही. पण ती लांब गेली. पोटात काहीतरी ढवळतंय हे कळायचं, त्याची दहशत वाटायची नाही. मी झोपू शकले. घरच्यांशी बोलू शकले. तोंड मात्र वाळवंटासारखं कोरडं व्हायचं, आणि पलंगावरून उठताना डोळ्यांपुढे अंधारी यायची. एकदा भिंतीला धरून खाली बसले. त्यानंतर रात्री बाथरूमला एकटं जायचं नाही असा नियम नवऱ्याने घातला.

नशा म्हणाल तर पहिल्या दोन डोसांना डोकं जड आणि वेळ संथ झाल्यासारखं वाटलं. मजा वगैरे काही नव्हती. पुन्हा कधी ते घ्यावंसं वाटलं नाही. दादांना हे जरूर सांगा.

तर्कट
आरस्पानी, तुम्हाला आराम पडला याचा खरंच आनंद आहे. तरीही पुराव्याबद्दल थोडं स्पष्ट लिहायला हवं, कारण हा धागा वाचणारे घाईत आणि काळजीत असणार.

या औषधांचा बहुतेक पुरावा जुना आहे. २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक मोठा आढावा आला होता. त्यात ३० चाचण्या आणि १,३६६ रुग्ण होते. कॅनाबिनॉइड औषधं त्या वेळच्या औषधांपेक्षा, म्हणजे प्रोक्लोरपेराझीन, मेटोक्लोप्रामाइड, डोम्पेरिडोन वगैरेंपेक्षा, सरस ठरली. पण कॉक्रेन ही संस्था उपचारांचा पुरावा एकत्र तपासते, तिच्या २०१५ च्या आढाव्यात ज्या २३ चाचण्या घेतल्या त्या १९७५ ते १९९१ या काळातल्या होत्या. ऑन्डान्सेट्रॉन अमेरिकेत बाजारात आलं १९९१ साली. म्हणजे आज जी औषधं पहिल्या फळीत आहेत त्यांच्याशी या जुन्या चाचण्यांत तुलनाच झालेली नाही. जुन्या, कमकुवत प्रतिस्पर्ध्याला हरवलं म्हणजे आजच्या औषधांनाही हरवेल असं नाही.

त्याच २००१ च्या आढाव्यात कॅनाबिनॉइड घेणाऱ्यांपैकी ६ टक्क्यांना भास झाले आणि ५ टक्क्यांना संशयाचे झटके आले. तुलनेच्या औषधांत हे दोन्ही त्रास कोणालाच झाले नव्हते.

म्हणून माझं मत : आधी ताई म्हणतात ती चार औषधं पूर्ण मात्रेत. त्याशिवाय हा विषयच नको.

आरस्पानी
तर्कट, त्याच आढाव्यातली आणखी एक गोष्ट तुम्ही गाळलीत. 'पुढच्या सायकलला कोणतं औषध हवं?' असं विचारल्यावर बऱ्याच रुग्णांनी कॅनाबिनॉइडच मागितलं. चाचणीगणिक हा आकडा ३८ ते ९० टक्के होता. भास, चक्कर, झापड हे सगळं सोसून. मळमळ काय असते ते ज्याला होते त्यालाच कळतं, त्याच्या पसंतीला काहीतरी किंमत हवी.

तर्कट
मान्य. किंमत आहेच. त्यातल्या काहींना थोडी धुंदी हवीशी वाटली असेल हेही आढावा लिहिणाऱ्यांनी नोंदवलं आहे. पण कर्करोगाच्या रुग्णाला तेवढा विसावा मिळाला तर माझी हरकत नाही.

मुक्तछंद
मला एक कळत नाही. वनस्पती हजारो वर्षं माहीत आहे. मग एकेक घटक वेगळा काढून, कॅप्सूल करून महाग विकायची गरज काय? भांगेच्या पानांत सगळे घटक एकत्र असतात, ते एकमेकांना सावरून घेतात. माझ्या ओळखीतल्या एका आजोबांनी तेलाचे थेंब घेतले आणि त्यांना बरं वाटलं. आपणच आपल्या औषधाला नशा म्हणून बदनाम केलं.

खलबत्ता
मुक्तछंद, मी फार्मासिस्ट आहे. तुमच्या म्हणण्यात एक धागा खरा आहे, तो नंतर सांगतो. आधी धोका.

वनस्पतीतल्या टीएचसीचं, म्हणजे नशा आणणाऱ्या मुख्य घटकाचं, प्रमाण रोपागणिक, पानागणिक, फुलागणिक बदलतं. घरी केलेल्या तेलात किंवा पानांच्या गोळीत किती मिलिग्रॅम आहे हे करणाऱ्यालाही माहीत नसतं. बाजारातल्या बाटल्यांचीही खात्री नाही. २०१७ साली अमेरिकेत ऑनलाइन विकली जाणारी ८४ सीबीडी (गांजातला नशा न आणणारा घटक) उत्पादनं तपासली, त्यातल्या जेमतेम ३१ टक्क्यांवरचं लेबल बरोबर निघालं. १८ उत्पादनांत टीएचसी सापडलं. धडधाकट माणसाला एखाद्या वेळी हे चालून जाईल. केमोतल्या माणसाचं वजन उतरलेलं असतं, शरीरातलं पाणी कमी झालेलं असतं, यकृत आणि मूत्रपिंडावर ताण असतो, शिवाय इतर औषधं चालू असतात. त्याला अंदाजपंचे मात्रा देऊ नये.

तोंडाने घेतलेलं टीएचसी सावकाश चढतं. अर्धा-एक तास काहीच जाणवत नाही, परमोच्च परिणाम दोन ते चार तासांनी. लोक अर्ध्या तासात 'काही झालं नाही' म्हणून आणखी घेतात आणि मग दोन्ही मात्रा एकदम चढतात. यकृतातून जाताना टीएचसीचा एक नवा घटक तयार होतो, तोही मेंदूवर जोरात काम करतो.

धूर ओढण्याचा मार्ग तर केमोत नकोच. वाळलेल्या फुलापानांवर अ‍ॅस्परजिलस बुरशी असू शकते. पांढऱ्या पेशी कमी झालेल्या माणसाच्या फुप्फुसात ती गेली तर जिवावर बेतू शकतं.

आता खरा धागा. टीएचसी आणि सीबीडी एकत्र दिल्यावर काय होतं याची चांगली, आधुनिक चाचणी ऑस्ट्रेलियात झाली आहे. दर कॅप्सूलमध्ये दोन्ही घटक अडीच-अडीच मिलिग्रॅम, मात्रा ठरलेली, दर्जा तपासलेला. आधीच्या सायकलला नेहमीची औषधं घेऊनही ज्यांना त्रास झाला होता असेच रुग्ण घेतले, आणि नेहमीची औषधं चालू ठेवून वर ही कॅप्सूल दिली. २०२४ साली आलेल्या निकालात १४७ रुग्ण होते. उलटी नाही आणि जादा औषधाचीही गरज नाही, असं खऱ्या कॅप्सूलवर २४ टक्क्यांना जमलं, नकली, म्हणजे औषध नसलेल्या, कॅप्सूलवर ८ टक्क्यांना. तर्कट, हा पुरावा आजच्या काळातला आहे.

तर्कट
हो, हा माहीत आहे. चांगली चाचणी आहे. पण आकडा उलट बाजूनेही वाचा. २४ टक्क्यांना जमलं, म्हणजे ७६ टक्क्यांना कॅप्सूल घेऊनही पूर्ण आराम नाही. आणि त्याच गटाच्या आधीच्या छोट्या टप्प्यात जवळपास तिघांतल्या एकाला झापड, चक्कर, गोंधळल्यासारखं होणं असा मध्यम किंवा तीव्र त्रास झाला होता.

खलबत्ता
बरोबर. आणि त्याच छोट्या टप्प्यात ८३ टक्के रुग्णांनी नकलीपेक्षा खरी कॅप्सूल पसंत केली. दोन्ही आकडे एकत्रच सांगावे लागतात.

रातराणी
सासूबाईंना ड्रोनॅबिनॉल दिलं होतं. वय सत्तरीच्या पुढे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या मला ओळखेनात. खोलीत कोणीतरी अनोळखी बाई येऊन बसली आहे म्हणत होत्या आणि रडत होत्या. आम्ही सगळे हादरलो. औषध थांबवल्यावर सकाळपर्यंत त्या पूर्ववत झाल्या, पण ती रात्र विसरता येत नाही.

असं होऊ शकतं हे आम्हाला आधी कोणी नीट सांगितलं नव्हतं, हे मला आजही टोचतं. औषध वाईट असं मी म्हणणार नाही. मात्र वयस्कर माणसाला देताना पहिले दोन दिवस कोणीतरी सतत जवळ हवं, मात्रा अगदी कमी हवी आणि भास झाला तर कोणाला फोन करायचा हे आधीच ठरलेलं हवं.

केमोवॉर्डची_ताई
रातराणी, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. वयस्कर रुग्ण, ज्यांना आधी कधी मानसिक आजार झाला आहे ते, हृदयाच्या ठोक्यांचा किंवा रक्तदाब एकदम उतरण्याचा त्रास असलेले, यांच्या बाबतीत डॉक्टर दोनदा विचार करतात, आणि करायलाच हवा. ओलान्झापीन किंवा झोपेची गोळी चालू असेल तर झापड दुप्पट होते, पडण्याचा धोका वाढतो.

विज्ञानवेडा
थोडं अवांतर, पण रुग्णांचा यातला वाटा सांगितल्याशिवाय राहवत नाही.

टीएचसीची रचना १९६४ मध्ये इस्रायलमध्ये राफाएल मेशूलम आणि येहिएल गाओनी यांनी उलगडली. पण ते केमोच्या मळमळीवर चालेल ही कल्पना प्रयोगशाळेतून आली नाही. सत्तरच्या दशकात बॉस्टनमधले काही तरुण रुग्ण डॉक्टरांना सांगू लागले की केमोआधी गांजा ओढला की त्यांना मळमळत नाही. डॉक्टरांनी हे हसण्यावारी नेलं नाही. स्टीफन सॅलन आणि सहकाऱ्यांनी टीएचसीच्या कॅप्सूल करून दुहेरी अंध चाचणी (कोणाला खरं औषध मिळतंय हे ना रुग्णाला ठाऊक ना डॉक्टरांना) घेतली आणि १९७५ साली न्यू इंग्लंड जर्नलमध्ये छापली. १९७८ साली न्यू मेक्सिको राज्याने रुग्णांच्या आग्रहावरून संशोधनापुरता कायदाच केला. १९८५ मध्ये अमेरिकेने ड्रोनॅबिनॉल आणि नॅबिलोन दोन्ही औषधांना मान्यता दिली. ड्रोनॅबिनॉल म्हणजे प्रयोगशाळेत बनवलेलं टीएचसीच, तिळाच्या तेलात विरघळवून कॅप्सूलमध्ये भरलेलं. नॅबिलोन रचनेने थोडं वेगळं, पूर्ण कृत्रिम.

गंमत म्हणजे औषध आधी आलं आणि ते कशावर काम करतं हे नंतर कळलं. सीबी-१ या ग्राहीचा, म्हणजे पेशीवर टीएचसी जिथे चिकटतं त्या जागेचा, पत्ता लागला १९८८ मध्ये. उलटीचं नियंत्रण करणारा मेंदूच्या देठातला जो भाग आहे तिथे हे ग्राही असतात. टीएचसी त्यांना चिकटलं की मळमळीचा निरोप पुढे नेणारी रसायनं कमी सुटतात.

सगळं सुरू झालं ते रुग्णांनी तोंड उघडून सांगितलं म्हणून. निशिगंध, दादांना हे वाचून दाखवा.

पानगळ
मला प्रश्न पडलाय. गांजा खूप घेणाऱ्यांनाच उलट्यांचा विकार होतो असं वाचलं होतं. मग हे उलट्या थांबवतं की करवतं?

खलबत्ता
दोन्ही खरं आहे. वर्षानुवर्षं, जवळजवळ रोज गांजा घेणाऱ्या काहींना पुन्हापुन्हा भयंकर उलट्यांचे झटके येतात आणि गरम पाण्याने अंघोळ केली की तेवढ्यापुरता आराम पडतो. २००४ साली ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी त्याचं पहिलं वर्णन केलं. केमोच्या काही दिवसांपुरती मोजकी मात्रा घेणाऱ्याची गोष्ट वेगळी. मात्र रुग्ण आधीपासून नियमित गांजा घेत असेल तर ते डॉक्टरांना सांगायलाच हवं. नाहीतर उलट्या केमोच्या आहेत की त्याच्या हे कळणार नाही.

निशिगंध
सगळ्यांचे मनापासून आभार. कागद काढून पाहिला. पहिल्या दिवशी शिरेतून ऑन्डान्सेट्रॉन आणि डेक्सामेथासोन, अप्रेपिटंटच्या तीन दिवसांच्या कॅप्सूल. घरी ऑन्डान्सेट्रॉनच्या गोळ्या 'गरज पडल्यास'. ओलान्झापीन कुठेच नाही. आणि डेक्सामेथासोनच्या पुढच्या दिवसांच्या गोळ्या लिहिलेल्या आहेत, पण झोप उडते म्हणून दादाने आपल्या मनाने बंद केल्या होत्या. हे मला आज कळलं.

केमोवॉर्डची_ताई
बघा, म्हणून कागद मागितला. स्टिरॉइडच्या गोळ्या उशिराच्या मळमळीसाठीच असतात. सकाळी घेतल्या तर झोपेचा त्रास कमी होतो. वेळ बदलण्याबद्दल डॉक्टरांना विचारा, आपल्या मनाने बंद किंवा सुरू काही करू नका.

ओलान्झापीनबद्दल जरूर बोला. २०१६ साली आलेल्या एका मोठ्या चाचणीत ३८० रुग्ण होते. बाकी तिन्ही औषधं सगळ्यांनाच दिली होती. त्यात ओलान्झापीन जोडल्यावर पाच दिवस अजिबात मळमळ नसलेल्यांचं प्रमाण २२ वरून ३७ टक्क्यांवर गेलं. इथे उलटी नाही, मळमळच मोजली होती. पाकिटातल्या चिठ्ठीवर मानसिक आजाराचं औषध असं छापलेलं असतं आणि घरचे घाबरतात. मळमळीसाठी ते फक्त चार दिवस देतात. त्याने झोप येते ही तक्रार मात्र खरी आहे. त्यावर मुंबईच्या टाटा मेमोरियलमधल्या डॉक्टरांनी केलेली चाचणी २०२४ मध्ये लॅन्सेट ऑन्कॉलॉजीत आली : १० मिलिग्रॅमऐवजी अडीच मिलिग्रॅम देऊनही परिणाम कमी पडला नाही आणि दिवसाची झापड बरीच घटली.

मळमळ हटत नसेल तर दुसरी कारणंही शोधावी लागतात. बद्धकोष्ठ हे मोठं कारण, आणि ऑन्डान्सेट्रॉननेच ते होतं. रक्तातलं कॅल्शियम वाढणं, मूत्रपिंड थकणं, वेदनाशामक मॉर्फिन, जठराची सूज. पोट साफ होत नसलेल्या माणसाला कितीही मळमळीची औषधं दिली तरी त्याला बरं वाटत नाही.

सांजवात
मावशीला तर दवाखान्याचं फाटक दिसलं की मळमळायला लागतं. सुई टोचायच्या आधीच. घरचे म्हणतात मनाचे खेळ आहेत.

विज्ञानवेडा
सांजवात, मावशी मनाने काही करत नाहीत. आधीच्या सायकलला त्रास झाला की मेंदू त्या वासाशी, त्या खोलीशी मळमळ जोडून टाकतो. हे नाव असलेलं, अभ्यासलेलं लक्षण आहे. नेहमीची औषधं त्यावर फारशी चालत नाहीत. लोराझेपामसारखी चिंता कमी करणारी गोळी आदल्या रात्री देतात, श्वासाचे आणि शरीर सैल सोडण्याचे प्रशिक्षणही उपयोगी पडतं. सगळ्यात चांगला उपाय म्हणजे पहिल्याच सायकलला मळमळ होऊ न देणं.

इथे कॅनाबिनॉइडचा एक रोचक संबंध आहे. कॅनडातल्या लिंडा पार्कर यांनी उंदरांवर पुष्कळ काम केलंय. उंदरांना उलटी करताच येत नाही, पण मळमळलं की ते विशिष्ट पद्धतीने जबडा उघडतात. ज्या पिंजऱ्यात आधी त्रास झाला त्यात परत ठेवलं की मळमळ आणणारं औषध न देताही ते जबडा उघडू लागतात, अगदी मावशींसारखं. त्यावर ऑन्डान्सेट्रॉनचा परिणाम झाला नाही, टीएचसी आणि सीबीडीचा झाला. माणसांमध्ये एवढा ठोस पुरावा नाही, म्हणून याच्या आधारे औषध मागू नका. सांगितलं ते एवढ्यासाठी की उंदरालाही जे होतं त्याला मनाचे खेळ म्हणू नये.

सांजवात
हे घरी सगळ्यांना वाचून दाखवणार. खूप खूप आभार.

अक्षरवेल
बाबांचा एक अनुभव. नॅबिलोन घेतल्यावर ते बातम्या बघता बघता खुदकन हसले. आजार कळल्यापासून त्या घरात कोणी हसलं नव्हतं. आई आत जाऊन रडली. मळमळ निम्म्याने कमी झाली होती.

मुक्तछंद
खलबत्ता, बुरशीचं माहीत नव्हतं. आजोबांच्या घरच्यांना कळवलं. पण कायद्याचं काय? जिथे ही औषधं मिळतच नाहीत तिथल्या रुग्णाने काय करायचं?

खलबत्ता
कायदा देशागणिक वेगळा आहे, काही देशांत राज्याराज्यांतही. २०२० च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने २७ विरुद्ध २५ मतांनी गांजाला सगळ्यात कडक यादीतून काढलं. म्हणजे औषधी उपयोग असू शकतो एवढं मान्य केलं. नियंत्रण उठलेलं नाही. आपल्या ठिकाणी काय चालतं हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांनाच विचारा. प्रवासात दुसऱ्या देशात या कॅप्सूल नेऊ नका, प्रिस्क्रिप्शन असलं तरी अडचण येऊ शकते.

जिथे मिळत नाहीत तिथे हळहळत बसायचं कारण नाही. चार औषधं नीट, वेळेवर, पूर्ण दिवस घेतली तर बहुतेकांना या औषधांची गरजच पडत नाही.

आरस्पानी
'बहुतेकांना' याच्याशी सहमत. उरलेल्यांसाठी मात्र दार उघडं हवं. मी त्या उरलेल्यांतली होते.

तर्कट
आरस्पानी, या मुद्द्यावर आपलं एकमत आहे, आणि तज्ज्ञांचंही. अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे अ‍ॅस्कोने, २०२४ मध्ये हेच लिहिलं : नीट औषधं देऊनही मळमळ हटली नाही तर ड्रोनॅबिनॉल, नॅबिलोन किंवा दर्जा तपासलेली टीएचसी-सीबीडीची कॅप्सूल जोडता येते. ब्रिटनमध्येही नॅबिलोन याच क्रमाने सुचवतात. त्याच अ‍ॅस्कोने हेही बजावलंय की कर्करोग बरा करण्यासाठी म्हणून गांजा किंवा त्याची तेलं चाचणीबाहेर वापरू नयेत. गाठ विरघळते असे संदेश फिरतात, त्यांच्या नादी लागून केमो सोडलेली माणसं मी पाहिली आहेत. कृपा करून असं कोणी करू नका.

आणखी एक. दादांना इम्युनोथेरपीची, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कर्करोगाविरुद्ध कामाला लावणारी, इंजेक्शनं असतील तर हे मुद्दाम विचारा. इस्रायलमधल्या काही निरीक्षणांत गांजा घेणाऱ्यांवर त्या इंजेक्शनांचा परिणाम कमी दिसला. गांजामुळेच तसं झालं असं सिद्ध झालेलं नाही, पण डॉक्टरांच्या कानावर असायला हवं.

निशिगंध
जाऊन आलो. थोडक्यात सांगते.

जायच्या आधी दादासाठी एक तक्ता केला. केमोनंतर रोज रात्री मळमळ शून्य ते दहात किती, उलट्या किती, घेतलेली औषधं. दादाने स्वतः आठवून मागच्या सायकलचे आकडे भरले. तिसऱ्या दिवसासमोर आठ लिहिलं. तो आकडा बघून डॉक्टर थांबले आणि म्हणाले, "हे मला आधी का नाही सांगितलं?" दादा म्हणाला, "उलटी होत नव्हती ना."

स्टिरॉइड सकाळी घ्यायचं ठरलं, ओलान्झापीन रात्री कमी मात्रेत जोडलं, पोट साफ राहण्याचं औषध दिलं. कॅनाबिनॉइडचा विषय मी काढला. त्यांनी अजिबात उडवून लावलं नाही. म्हणाले, ही सायकल अशी जाऊ दे, तरी आकडा पाचच्या वर राहिला तर पुढचं बोलू, आणि तेव्हा मात्रा, भास, चक्कर हे सगळं बसून समजावेन.

आता या सायकलचा चौथा दिवस आहे. काल तिसऱ्या दिवशी दादाने चार लिहिलं. झापड आहे, पण तो भिंतीकडे तोंड करून नाही. चारही कमी नाहीच, पुढच्या भेटीत परत विचारणार आहे.

केमोवॉर्डची_ताई
आठावरून चार! निशिगंध, तक्ता चालू ठेवा. केमोनंतर २४ तासांनी एकदा आणि चौथ्या दिवशी एकदा भरायची अशीच एक छापील प्रश्नावली आंतरराष्ट्रीय संघटनेची आहे, तिला मॅट म्हणतात. वॉर्डात मागून बघा.

रातराणी
खूप बरं वाटलं वाचून. पुढे नॅबिलोनची वेळ आलीच तर पहिल्या रात्री दादांजवळ कोणीतरी झोपा.

आरस्पानी
आणि त्या दिवसांत गाडी चालवायची नाही. मला ठीक वाटत होतं, तरी डॉक्टरांनी सक्त मनाई केली होती. कॅप्सूल कुलपात ठेवा, घरात लहान मुलं असतील तर नक्कीच.

पानगळ
माझ्या वडिलांना रक्त पातळ राहायची वॉरफरिनची गोळी चालू आहे आणि केमो पुढच्या आठवड्यात सुरू होतेय. त्यांना ही औषधं चालतील का?

खलबत्ता
पानगळ, सरसकट नाही म्हणता येत नाही, पण जपून. टीएचसी आणि सीबीडी यकृतातल्या ज्या विकरांवर (एन्झाइम्सवर) अवलंबून असतात त्यांतलीच काही वॉरफरिनही मोडतात. त्यामुळे आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप, वाढून रक्तस्राव होऊ शकतो. अप्रेपिटंट उलट दिशेने ढकलतं, त्याने आयएनआर उतरू शकतो. म्हणजे नेहमीच्या मळमळीच्या औषधांसाठीसुद्धा वडिलांचा आयएनआर केमोनंतरच्या आठवडा-दहा दिवसांत पुन्हा बघावा लागेल. पहिल्या केमोआधीच कर्करोगतज्ज्ञांना वॉरफरिनची मात्रा आणि शेवटचा आयएनआर लेखी द्या.